आडवे, उभे आणि गौरम्मा

गौरम्मा शिवप्पा हविनाळे हे नाव पुण्याच्या एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर तीन वर्षे दर महिन्याला छापून येत होते. नावाखाली गाव असे, सोलापूर. वाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण ही बाई मंगळवार पेठेच्या मागच्या एका गल्लीत खानावळ चालवायची, आणि चाळिशी उलटेपर्यंत तिला एक अक्षरही वाचता येत नव्हते. मी तिच्याकडे जवळजवळ सहा वर्षे जेवलो. पुढे मी तीसेक वर्षे मास्तरकी केली. त्यात जे काही बरे जमले असेल, त्यातले पुष्कळसे मला तिच्या ओसरीवर मिळाले. म्हणून हे लिहितो आहे.

मी मूळचा मंगळवेढ्याचा. १९३३ च्या जूनमध्ये सोलापुरात एका शाळेवर लागलो. मार्शल लॉ उठून तीन वर्षे झाली होती, तरी चौकात चार माणसे एकत्र उभी राहायला अजून बिचकत. खोली मिळाली, पण जेवणाचे काही जमेना. शाळेतला शिपाई म्हणाला, "गौरम्माकडं जावा. भाकरी पातळ असती आन् बाई कुनाशी बोलत न्हाय." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

गौरम्मा अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातली. माहेरी सगळे कानडी. तेराव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आली, तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासू जे बोलेल ते मनात दोनदा म्हणून बघायची, असे तिने मला एकदा सांगितले. नवरा शिवप्पा आडतीत हमालीला होता. तो तापाने गेला. मूलबाळ नव्हते. दिराने गावाकडे चल म्हटले, ती गेली नाही. दोन चुली मांडल्या आणि खानावळ सुरू केली. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, डोईवरचा पदर कानामागे घट्ट खोचलेला. वाढताना ती ताटाकडे बघायची, माणसाकडे नाही. पण कोणाला किती भाकरी लागते, कोण ताक घेत नाही, कोणाचे पोट बिघडले आहे, हे तिला न सांगता कळत असे.

रविवारी दुपारी बाकीचे जेवणारे पांगले की आम्ही तिघे ओसरीवर जाजम टाकून बसायचो. एक मी. दुसरा रामहरी, बार्शीचा, एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची उलटी अक्षरे, जुळवायचा. तिसरे आबासाहेब वाघमोडे. ते माळशिरसकडचे, दिवाणी कोर्टात बेलीफ, वयाने आमच्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे. त्यांचा संसार गावाकडे होता. त्यांनी लहानपणी एका शास्त्रीबुवांकडे चार वर्षे संस्कृत केले होते आणि पुढे शिकायला मिळाले नाही, याची रुखरुख त्यांना कायम असे.

आम्हाला एकत्र आणले ते शब्दकोड्याने. रामहरीच्या छापखान्यातून एक स्थानिक पत्र निघे; त्याच्या बदल्यात पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे तिथे येत. मालकांचे वाचून झाले की तो त्यातले एक साप्ताहिक उचलून आणायचा. चौतीस साली त्या साप्ताहिकाने शेवटच्या पानावर चौकोनांचे कोडे छापायला सुरुवात केली. आडवे शब्द, उभे शब्द, मध्ये काळी घरे, एका घरात एक अक्षर. पण कोडे करणारा गृहस्थ चलाख होता. सरळ अर्थ विचारायचाच नाही. वाक्य असे लिहायचा की वाचणारा भलतीकडे जावा, आणि उत्तर सापडले की वाटावे, अरे, हे तर समोरच लिहिले होते. 'अरण्यात उलटे फिरलात तर नवे सापडेल' अशी एक ओळ होती. दोन अक्षरे. रामहरीला ते पटकन सुटले. खिळे उलटेच वाचायची त्याला सवय; 'वन' उलटे केले की 'नव'.

बक्षिसाची कोडीही तेव्हा निघायला लागली होती, पण आम्ही त्या फंदात पडलो नाही. आम्हाला त्या गृहस्थाला हरवायचे होते, एवढेच. आठवड्याचे कोडे रविवारी पुरे झाले नाही तर आबासाहेब सोमवारी कोर्टात गप्प गप्प असत.

एका रविवारी आमचे अडले. ओळ होती, 'इकडून मळा, तिकडून मळा, बदलत नाही.' तीन अक्षरे. रामहरी म्हणाला, तंबाखू. मी म्हणालो, ती मळून बदलते की. आबासाहेबांनी मृत्तिका, चिखल, सगळे घालून पाहिले. अर्धा तास गेला. गौरम्मा ताकाचे भांडे घेऊन आली, तीन पेले भरले, आणि आत जाता जाता म्हणाली, "कणिक म्हना की."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मी घरे भरली. क, णि, क. उभ्या शब्दांशी जुळत होते.

"अक्का, तुम्हाला कसं कळलं?" मी विचारले.

"मळायचं म्हटल्यावर दुसरं काय असतंय?"

तिला अर्धेच कळले होते. ते अर्धे बरोबर होते, आणि उरलेले अर्धे मला तिला दाखवावेसे वाटले. मी म्हणालो, "अक्का, जरा बसा." ती बसली नाही, उंबऱ्याशी उभी राहिली. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत 'कणिक' लिहिले आणि म्हणालो, "हे इकडून वाचलं तरी कणिक, तिकडून वाचलं तरी कणिक. म्हणून बदलत नाही म्हटलंय."

ती वाकून पाटीकडे बघत राहिली. मग पहिल्या अक्षराला बोट लावले, मग शेवटच्या. "ही दोन्ही एकच हायत की."

"एकच. हा क."

"आन् मदलं?"

"णि."

ती आत गेली. संध्याकाळी जेवायला गेलो तर चुलीजवळच्या सारवलेल्या जमिनीवर पिठाने काढलेला 'क' होता. जरा आडवा झाला होता, पण 'क'च होता.

मी मास्तर. समोर कुणी शिकायला उभे राहिले की मला राहवत नाही. पण गौरम्माला बाराखडी घोकायला वेळ नव्हता आणि मनही नव्हते. तिला हवे होते ते कोड्यातलेच. दर रविवारी आम्ही सोडवलेल्या कोड्यातले दोन-तीन शब्द ती मागून घ्यायची. एका घरात एक अक्षर असल्यामुळे तिला ते वेगवेगळे ओळखता येत. आडव्या शब्दातला 'र' उभ्या शब्दातही तोच 'र' आहे, हे तिला दिसे आणि त्याचे तिला नवल वाटे. शाळेत मी मुलांना ओळीने अक्षरे शिकवत होतो, आणि मुले ती पाठ करून विसरत होती. ही बाई एक अक्षर दोन शब्दांत पाहिल्याशिवाय पुढे जात नव्हती, आणि पाहिलेले विसरत नव्हती. पाच महिन्यांत ती कोड्याची ओळ अडखळत वाचू लागली. मग ती आमच्यात बसू लागली. जाजमावर नाही, उंबऱ्यावर, हातात निवडायचे सूप घेऊन.

तिची सोडवायची तऱ्हा आमच्याहून निराळी होती. आम्ही अर्थाच्या मागे धावायचो. ती शब्द कानाने ऐकायची, तोंडातल्या तोंडात मोडून बघायची. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला शब्द म्हणजे नुसता आवाज असतो आणि त्याला अर्थ नंतर चिकटतो, हे मला तिच्याकडे पाहून समजले.

पस्तीसच्या उन्हाळ्यात एक ओळ आली, 'चहाचा भाव अंगावर घ्या.' तीन अक्षरे. ही ओळ आबासाहेबांनी स्वतःकडे घेतली. तीन दिवस ते तिच्या मागे होते. शेवटी त्यांनी ठरवले की ओळच चुकीची आहे, आणि संपादकांना तसे पत्रही लिहिले. रविवारी त्यांनी ते आम्हाला वाचून दाखवले. पत्र चांगले होते, ठाशीव. वाचून झाल्यावर ते टपालात टाकायला उठले, तेव्हा उंबऱ्यावरून गौरम्मा म्हणाली, "आमी चहा न्हाय म्हनत. चा म्हनतो."

"मग?" आबासाहेब म्हणाले.

"चा. त्येचा दर. चादर."

रामहरी हसला. त्याने हसायला नको होते. मीही बहुधा हसलो असेन. आबासाहेबांनी पत्र घडी करून खिशात घातले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "खानावळवालीनं कोडी सोडवायची ठरवलं तर भाकरी कोण थापणार?"

गौरम्मा उठली. सूप उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांचा निरोप आला की यापुढे डबा खोलीवर पाठवावा.

डबा पाठवला जाऊ लागला. पाणी भरणारा म्हातारा धुळाप्पा तो नेऊन द्यायचा. रविवारी जाजमावर आम्ही दोघेच. मी एकदा कोर्टाच्या आवारात आबासाहेबांना गाठून या म्हणालो. ते म्हणाले, "मास्तर, मला बावन्नावं चालू आहे. लहानपणी शिकायचं होतं ते राहिलं. जे चार शब्द आले त्यावर मी आजवर मान वर करून वागलो. तुम्हाला नाही कळायचं." मला खरोखरच कळले नाही. आज कळते.

त्या साली दिवाळीच्या अंकात साप्ताहिकाने जाहीर केले की वाचकांनी स्वतः केलेली कोडी पाठवावीत, चांगली असतील ती छापू. रामहरीने आणि मी एक करायला घेतले आणि आठ दिवसांत सोडून दिले. सोडवणे वेगळे आणि रचणे वेगळे. एक शब्द बसवला की दुसरा निसटायचा.

गौरम्माने आम्हाला न सांगता सुरू केले होते. दुपारची भांडी झाली की ती मधल्या खोलीत खडूने जमिनीवर चौकोन आखायची. काळ्या घरांत चिमूटभर उडीद ठेवायची. एखादे काळे घर हलवायचे असले की उडीद उचलायचे आणि दुसरीकडे ठेवायचे. आम्ही कागदावर खोडून खोडून कागद फाडला होता. तिला खोडावे लागत नव्हते. मी एकदा पाणी प्यायला आत गेलो तेव्हा ते पाहिले आणि तसाच उभा राहिलो.

"बगू नका अजून," ती म्हणाली. "कच्चं हाय."

तिने आपल्या गावातलेच शब्द घेतले होते. एक होता 'माग'. त्याची ओळ तिने मला म्हणून दाखवली, "पोलीस काढतात, साळी चालवतात." मी म्हणालो, अक्का, हे छापील कोड्यात आले असते तर मी टोपी काढली असती. दुसरा शब्द 'पूर'. त्यावर ती दोन दिवस बसली आणि ओळ केली, 'पाऊस पडो न पडो, सोलापूर गावात हा असतोच.' त्या साली पाणी आठवड्यातून दोनदा येत होते. ही ओळ वाचून रामहरी कितीतरी वेळ नुसता मान हलवत होता.

आणि एक पाच अक्षरांचा आडवा शब्द होता. ओळ होती, 'ग्रहाने गराडा घातला तरी ज्वारी पिकतेच.' तिने ती माझ्यापुढे ठेवली आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मंगळ, वेढा. माझे गाव. दोन वर्षे मी तिच्यासमोर आमच्याकडच्या ज्वारीची आठवण काढत जेवत होतो. ती ऐकत होती.

अडले ते एकाच ठिकाणी. 'पूर'मधला 'र' शेवटी येईल असा तीन अक्षरांचा शब्द हवा होता. तिला 'भाकर' घालायची होती. तिला दुसरे काही नकोच होते. "माजा शब्द त्यो," ती म्हणाली. 'कर' म्हणजे सरकारी कर, हे जमत होते. पण 'भा' उरत होता. "भा म्हंजे कायतरी असंल की," ती म्हणाली. मला आठवेना. रामहरीलाही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने आबासाहेबांच्या डब्यात, भाकरीच्या फडक्याखाली, एक चिठ्ठी ठेवली. तिने कुणाला लिहिलेली ती पहिली चिठ्ठी. 'भा म्हणजे काय' एवढेच तीन शब्द. खाली नाव नाही. आम्हाला तिने सांगितले नव्हते. धुळाप्पाने रिकामा डबा आणला तेव्हा त्यात तीच चिठ्ठी होती, आणि मागे आबासाहेबांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, 'तेज. प्रकाश. संस्कृत शब्द आहे. तुझा म चुकीचा आहे, गाठ डावीकडे.'

तिने चिठ्ठी मला दाखवली. मी विचारले, "वाईट वाटलं?"

"कशाचं? म सांगितला की त्येनी."

मग तिने ओळ केली, 'तेजावर कर बसला, तव्यावर टाका.' कोडे पुरे झाले. रामहरीने त्याची स्वच्छ प्रत केली. पत्ता मी लिहिला. खाली सही मात्र तिने स्वतः केली, सगळे नाव, 'म'ची गाठ डावीकडे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोडे छापून आले. खाली 'गौ. शि. हविनाळे, सोलापूर'; तिच्या सहीतली पहिली नावे त्यांना पुरती लागली नसावीत. रामहरी छापखान्यातून धावतच आला. गौरम्माने अंक घेतला, पदराने हात पुसून मग उघडला, आणि उभ्यानेच वाचत राहिली. आपणच लिहिलेल्या ओळी ती वाचत होती, पण पहिल्यांदाच पाहिल्यासारख्या. त्या दिवशी तिने सगळ्यांना हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, केली. कारण कुणाला सांगितले नाही.

पाठोपाठ संपादकांचे कार्ड आले. 'श्रीयुत हविनाळे यांस सप्रेम नमस्कार. आपले कोडे वाचकांना फार आवडले. दुसरे अवश्य पाठवावे.' गौरम्मा मला म्हणाली, "श्रीयुत न्हाय म्हनून लिवा त्यास्नी. खोटं नको."

पत्र मी लिहिले, आणि चूक तिथेच झाली. तिने सांगितले होते, बाई आहे एवढेच लिहा. मला राहवले नाही. ही बाई खानावळ चालवते, हिची मातृभाषा कानडी, दीड वर्षापूर्वी हिला अक्षरओळखही नव्हती, असे दीड पान मी मोठ्या अभिमानाने लिहिले. सोबत तिचे दुसरे कोडे जोडले.

उत्तर पंधरा दिवसांनी आले. भाषा सभ्य होती. मजकूर असा की, पत्रात लिहिले आहे ते विश्वास ठेवायला कठीण आहे. कुणी सुशिक्षित गृहस्थ या बाईंच्या नावाआड लिहीत असावेत अशी शंका येते. तसे असल्यास स्वतःच्या नावाने लिहावे. खुलासा होईपर्यंत दुसरे कोडे छापता येत नाही.

ते पत्र गौरम्माने स्वतःच वाचले. मी वाचून दाखवू म्हणालो, तिने मान हलवली. सावकाश वाचले. घडी केली. म्हणाली, "खरं सांगितलं म्हनून खोटं झालं व्हय?"

मला तिच्याकडे बघवेना. रामहरी संतापला, संपादकाला असे लिहितो नि तसे लिहितो म्हणू लागला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आपल्याला आलं ते आलं. ते कुनी काडून न्हेत न्हाय." आणि आमटीला फोडणी द्यायला गेली. पण त्या आठवड्यात मधल्या खोलीत चौकोन आखलेला दिसला नाही. उडीद डब्यात गेले होते.

मी आबासाहेबांकडे काही बोललो नाही. बोलला तो रामहरी, हे मला नंतर समजले.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघे ओसरीवर बसलो होतो. समोर अंक होता, पण तो उघडलेला नव्हता. दारात आबासाहेब आले. अंगात कोर्टाचा कोट, डोक्याला रुमाल, हातात गुंडाळलेला कागद. नऊ-दहा महिन्यांनी ते त्या दारात उभे होते. मी उठलो. ते म्हणाले, "बसा मास्तर. गौरम्माला बोलवा."

ती उंबऱ्यात आली. आबासाहेबांनी कागद उलगडला. स्टँपाचा कागद होता, खाली मॅजिस्ट्रेटाचा शिक्का. कोर्टात वाचतात तशा आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"मी, आबासाहेब मारुती वाघमोडे, वय वर्षे बावन्न, धंदा सरकारी नोकरी, राहणार सोलापूर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो ऐसा जे, गौरम्मा भ्रतार शिवप्पा हविनाळे या बाईस मी आज सहा वर्षे ओळखतो. सदर बाईस सन चौतीसच्या पावसाळ्यापर्यंत अक्षरओळख नव्हती, हे मला प्रत्यक्ष माहीत आहे. ती अक्षरे शिकत असता मी समक्ष हजर होतो. सन पस्तीसच्या वैशाखात 'चादर' या शब्दाचे उत्तर मला तीन दिवसांत आले नाही, ते सदर बाईने उभ्या उभ्या दिले. त्याचा मला राग आला. तो राग गैरवाजवी होता."

इथे ते थांबले. घसा साफ केला. पुन्हा वाचू लागले.

"छापून आलेल्या कोड्यापैकी 'भा' या अक्षराचा अर्थ तेवढा मी सांगितला आहे. बाकी सर्व रचना सदर बाईची स्वतःची आहे. यात मी अगर दुसऱ्या कुणी हात घातलेला नाही. हे खोटे ठरल्यास मी शिक्षेस पात्र राहीन."

आबासाहेबांनी कागद पुन्हा गुंडाळला आणि माझ्या हाती दिला. "उद्या रजिस्टर करून टाका. एवढ्यानं नाही पटलं तर मी पुण्याला जातो."

गौरम्मा खाली बघत होती. तशीच म्हणाली, "ताट वाडू का?"

"वाढ," आबासाहेब म्हणाले, आणि कोट काढून खुंटीला लावला.

जेवण झाल्यावर ती नेहमीसारखी आत गेली नाही. उंबऱ्यावर बसली. सूपही आणले नव्हते. आमच्या तिघांकडे पाहून बोलू लागली. एवढे ती त्याआधी एका दमात कधी बोलली नव्हती.

"बापानं लगीन ठरिवलं, मला इचारलं न्हाय. सासूनं मराटी बोल म्हटलं, बोलले. ह्ये गेले तवा दीर म्हनला गावाकडं चल, तेवडं मातर ऐकलं न्हाय. पर 'तुला कसं कळलं' म्हनून मला आजपातूर कुनी इचारलं न्हवतं. मास्तरांनी इचारलं. ती पाटी तुमी माज्यासाटी लिवली. रामहरीनं अंक आनला. आन् आबासाहेब, तुमी आज कागुद केला. माजं माहेर लांब हाय. हितंच हाय आता, असं वाटतंय."

आबासाहेब पानाला चुना लावत होते. ते लावतच राहिले. रामहरीने अंक उघडून पहिली ओळ वाचायला घेतली, तेव्हा आमचा सगळ्यांचाच श्वास मोकळा झाला.

संपादकांनी तो कागद मिळताच माफीचे पत्र पाठवले आणि पुढच्या अंकात नाव पुरे छापले. तिथपासून दर महिन्याला गौरम्माचे एक कोडे येत राहिले. इलाखाभरातून तिला कार्डे येत. कोण्या वकिलाने लिहिले होते की 'सोलापूर गावात हा असतोच' या ओळीने त्याचे दोन दिवस खाल्ले. ती सगळी कार्डे ती आबासाहेबांपुढे ठेवायची. उत्तरे दोघे मिळून लिहीत. संस्कृत शब्द लागला की ती त्यांना विचारायची, आणि बोलीतला शब्द अडला की ते तिला. कधी वाद व्हायचा. मग दोघेही माझ्याकडे बघायचे आणि मी रामहरीकडे.

अडतीस साली सरकारने प्रौढ साक्षरतेचे वर्ग सुरू केले, तेव्हा गिरणीच्या चाळीतल्या बायकांचा एक वर्ग माझ्याकडे आला. पहिले दोन आठवडे मी बाराखडी शिकवली आणि बायका एकेक करून गळाल्या. मी गौरम्माला घेऊन गेलो. तिने फळ्यावर चौकोन आखले, बायकांना विचारले, "तुमच्यात कोन कुनाची जाऊ, कोन कुनाची शेजारीन?" आणि त्यांचीच नावे आडवी-उभी बसवायला लागली. बजाबाईतला 'बा' शरणम्माच्या बाळातला 'बा' आहे, हे दिसल्यावर वर्गात जो गलका झाला तो थांबवायला मला दहा मिनिटे लागली. त्या हिवाळ्यात सतरा बायका सही करायला शिकल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी ही कुठली पद्धत, असे विचारले. मी म्हणालो, ही यांची. साहेबांनी वहीत माझे नाव लिहिले. मी ते खोडायला लावले आणि तिचे घालायला लावले. माझ्या नोकरीत मी वरिष्ठांना उलट बोललो तो हा एकच प्रसंग.

एकोणचाळीसच्या मे महिन्यात माझी बदली बार्शीला झाली. पावसाळ्यात तिचे कार्ड आले. अक्षर लहान आणि नीट होते.

'मास्तरांस शरणू. आपण खुशाल असाल. इकडे पाऊस बरा आहे. रामहरीचे लग्न ठरले, मुलगी कुर्डुवाडीची. आबासाहेबांस डोळ्याने कमी दिसते, आता कोडे मी वाचते व ते सांगतात. अक्कलकोटचे निंगप्पा मास्तर जेवायला येतात. त्यांच्याकडून कानडी अक्षरे शिकते आहे. माझी बोली असून मला तिचे तोंड ठाऊक नव्हते. भावास पहिले पत्र कानडीत घातले. तो रडला असे वहिनी सांगते. तिकडे जेवणाचे हाल करून घेऊ नका. चटणी पाठवली आहे, पोचली की लिहा.'

चटणी दुसऱ्या दिवशी पोचली. मी लगेच कार्ड घेऊन बसलो, आणि चटणी पोचली हे लिहायला मला तीन कार्डे लागली. पहिल्या दोन्हींत आभाराचे इतके शब्द आले की ती वाचून मला हसली असती. तिसऱ्यात मी सरळ लिहिले, 'अक्का, चटणी पोचली. इथल्या बायकांच्या वर्गात मी उद्यापासून चौकोन आखणार आहे. अडले तर तुम्हाला विचारीन.'